पळस फुलतो तेव्हा शाळा

लातूर म्हटलं की पालकांपुढे परीक्षेची घोटून तयारी करून घेणारा ‘लातूर पॅटर्न’ उभा राहतो आणि फाल्गुन म्हणजे परीक्षेची धास्ती. छोट्या खासगी शाळांनीही तेच मानलं, तर वर्षातला सर्वांत बोलका महिना हातचा जातो. याच महिन्यात शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूर पट्ट्यात पळस निष्पर्ण फुलतो. पोपटाच्या चोचीसारखी पाकळी बोटाने दाबली की आत पुंकेसर आणि मध. त्या मधासाठी शिंजीर, साळुंक्या येतात. परागीभवन मग फळ्यावर काढावं लागत नाही. हीच फुलं गरम पाण्यात भिजवली की पिवळा-केशरी रंग उतरतो, चिमूटभर चुन्याने तो गडद होतो. रंगपंचमी आणि रसायनशास्त्र एकाच पातेल्यात!

मुलांना पळसाखाली नेलं तर अभ्यासक्रम मागे पडेल, ही पहिली हरकत. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगताना, कलम २९मध्ये कृतीतून व शोधातून शिकण्यावरही भर दिला आहे. सत्तर मुलांना रानात नेणं एका शिक्षकाला झेपत नाही, वीस मुलांना झेपतं. छोट्या शाळेचं बळ तेच. दुसरी हरकत उन्हाची, पाण्याची, आणि ती खरी आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर. म्हणून मुलांची रानफेरी सकाळच्या शाळेतच, नऊच्या आत परतणारी. आणि रंगाला किती तांबे पाणी लागलं, ते मुलांच्या वहीत.