उंबरखिंडीतली रायबागन

प्रतापगड, पावनखिंड, सिंहगड ही नावं आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. उंबरखिंड म्हटलं की मात्र बरेचजण गप्प! आणि त्या लढाईत एक बाई होती, तीही मोगलांच्या बाजूने, हे सांगितलं तर कुणाला खरंच वाटत नाही.

बचत गटाच्या कामासाठी मी लवासा परिसरातल्या गावांत जाते. यंदा शिवजयंतीला मुलींना काहीतरी वेगळं सांगा, असा बायकांनी आग्रह धरला. म्हणून वाचनालयातून कवींद्र परमानंदांचं ‘शिवभारत’ आणलं. ग्रंथ संस्कृत, शिवकाळातच लिहिलेला. स. म. दिवेकरांनी तो १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह छापला. त्यात ही लढाई सविस्तर सापडली.

शाहिस्तेखान तेव्हा पुण्यात ठाण मांडून बसला होता. कोकणातला मुलूख घ्यायला त्याने कारतलबखानाला धाडलं. त्याच्यासोबत होती रायबागन, म्हणजे राजवाघीण! ही मोगल दरबारची पदवी. बाई माहूरच्या उदाराम घराण्यातली. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर तिने स्वतः फौज सांभाळली.

फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरली. वाट अरुंद, दोन्हीकडे दाट रान. महाराजांची माणसं आधीच दबा धरून बसलेली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी फौज खिंडीत सापडली आणि पुढची-मागची वाट बंद झाली. झाडीतून बाण आणि गोळ्या सुरू झाल्या. प्यायला पाणीसुद्धा मिळेना.

आता काय करावं, हे खानाने तेव्हा रायबागनला विचारलं. ती स्पष्टच बोलली. या रानात शिरलात तिथेच चुकलं, आता शरण जा, म्हणजे माणसं तरी वाचतील. खानाने ऐकलं, वकील पाठवला. महाराजांनी अभय दिलं. खंडणी देऊन फौज जिवंत परत गेली.

हे वाचून दाखवलं तेव्हा गटातल्या एक मावशी पटकन म्हणाल्या, “मग खानानं तिला आधीच का नाही विचारलं?” जरा थांबून म्हणाल्या, “आमची जमीन विकली तेव्हा घरात मला तरी कुठं विचारलं? कागद झाल्यावर कळलं.” यावर बाकीच्या बायका नुसत्या माना हलवत राहिल्या.

महाराजांचा विजय मोठाच. थोड्या माणसांनिशी, रानावनाची माहिती हाताशी धरून मिळवलेला. पण मैत्रिणींनो, हरलेल्या बाजूच्या या बाईचं शहाणपणही आपल्या मुलींना कळायला हवं. अडचणीत सापडल्यावर बाईचा सल्ला सगळ्यांना आठवतो, तो आधीच घेतला तर?

खोपोलीजवळ चावणी गावाशी, आंबा नदीच्या काठी या लढाईचं स्मारक आहे. सुट्टीत मुलींना जरूर न्या. आमच्या गटाने आणखी एक ठरवलंय. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणायचा आणि स्वतः वाचायचा.