पुसलेली फाइल खरोखर पुसली जाते का?

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अनेक डेटा सेंटर उभी आहेत. तेथे माहिती जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर नष्ट करणेही महत्त्वाचे असते. घरातील जुना संगणक विकताना आपल्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

डिलीट केलेली फाइल प्रथम ‘रिसायकल बिन’मध्ये जाते. तेथून काढली, तरी हार्ड डिस्कवर केवळ तिची नोंद पुसली जाते. ग्रंथालयाच्या तालिकेतील पत्र फाडले, तरी पुस्तक फडताळात राहते, तसेच हे आहे. त्या जागेवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर सॉफ्टवेअरने परत मिळवता येतो. म्हणून हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्या संपूर्ण जागेवर नवा मजकूर लिहावा. याला अधिलेखन म्हणतात.

एसएसडी व पेनड्राइव्हमध्ये मात्र नवे लेखन बहुधा वेगळ्या कप्प्यात होते आणि जुनी प्रत मागे उरू शकते. एसएसडीसाठी निर्मात्याची ‘सिक्युअर इरेज’ सुविधा वापरावी. त्याहून उत्तम म्हणजे साठवण आरंभापासून कूटबद्ध ठेवणे. किल्ली नष्ट होताच मजकूर निरर्थक ठरतो. बंद पडलेली डिस्क फोडूनच द्यावी.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये उद्देश संपल्यावर माहिती पुसण्याचे कर्तव्य संस्थांवर सोपवले आहे. आपल्या संगणकातील आधारपत्राची प्रत किंवा शेजाऱ्याचा भरून दिलेला अर्ज पुसण्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे.