ऑस्ट्रेलियन फुटबॉल : गाव, घराणे आणि अदलाबदल

१९४८ च्या जानेवारीत बडोद्याच्या विजय हजारे यांनी ॲडलेडच्या ज्या मैदानावर एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, त्या मैदानाचे हिवाळ्यातील रूप फार थोड्या मराठी क्रीडारसिकांच्या डोळ्यांसमोर असेल. यष्ट्या निघून जातात, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात आणि एकेका बाजूचे अठरा खेळाडू लांबट चेंडूमागे त्या विस्तीर्ण लंबवर्तुळावर धावू लागतात. चेंडू लाथेने मारावा, हाताने झेलावा, मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यावा. फेकायचा मात्र नाही. मधल्या दोन खांबांमधून लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. १८५९ साली मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम प्रथम कागदावर उतरले. ते लिहिणाऱ्यांपैकी टॉम विल्स हा मूळचा क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचे हातपाय जड होऊ नयेत, ही त्याची विवंचना होती.

खेळाचे नियम तासाभरात समजतात. अवघड आहे तो दुसराच हिशेब : खेळाडू कोणत्या क्लबाचा, आणि तो दुसरीकडे गेला तर पहिल्याच्या पदरात काय पडावे? दर वर्षी हंगाम संपला की ऑक्टोबरमध्ये क्लबांमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते, आणि त्या दिवसांत तेथील वर्तमानपत्रांतून जेवढा वाद रंगतो तेवढा कित्येक सामन्यांवरही रंगत नाही.

वस्तुतः कागदावर पाहू गेल्यास याहून न्याय्य व्यवस्था सुचवणे कठीण. लीगमध्ये अठरा क्लब आहेत. प्रत्येकाला वेतनाची मर्यादा आहे, त्यामुळे धनिक क्लबाने सगळे हिरे आपल्या मुकुटात जडवावेत अशी सोय नाही. नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडफेरीतून घेतले जातात, आणि तेथे जो तळाशी, त्याचा पहिला मान. अजिंक्य ठरलेल्या क्लबाने अठराव्या क्रमांकापर्यंत वाट पाहावी. अदलाबदलही पैशाने होत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा पुढील निवडफेरीतील आपला क्रमांक द्यावयाचा. भारतातील आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्याला हे नाणेबंदीच्या बाजारासारखे वाटेल. पण ही व्यवस्था काही आकाशातून पडलेली नाही. आधीची व्यवस्था न्यायालयात टिकली नाही, म्हणून ती आली.

आधीची व्यवस्था हद्दीची होती. १९१५ पासून मेलबर्न शहराचे भाग क्लबांना वाटून दिलेले असत. ज्या हद्दीत मुलगा राहतो त्या क्लबाचा तो. दुसरीकडे जावयाचे तर जुन्या क्लबाची सोडचिठ्ठी हवी. १९३० मध्ये खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांहून अधिक देऊ नये असा निर्बंध आला; तो कूल्टरचा कायदा म्हणून ओळखला जातो. निर्बंध आला की पळवाट आलीच. साउथ मेलबर्नचे अध्यक्ष आर्ची क्रॉफ्ट्स यांची किराणा मालाची दुकाने होती. त्या मंदीच्या काळात दूरच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या खेळाडूंना तेथे नोकऱ्या मिळू लागल्या. सामन्याचे तीनच पौंड, परंतु दुकानाचा पगार वेगळा. या ‘परदेशी पलटणी’ने १९३३ चे अजिंक्यपद मिळवले. इंदूरकरांना यात नवल वाटू नये. होळकर महाराजांनीही सी. के. नायडूंना नागपुराहून बोलावून आपल्या सैन्यात कप्तानाचा हुद्दा दिला होता. फरक एवढाच की संस्थानिकाला वेतनमर्यादा पाळावयाची नव्हती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया प्रांतातील ग्रामीण मुलूखही बारा क्लबांमध्ये वाटून देण्यात आला. वाटणी समान, जमीन असमान, हे शेतकऱ्याच्या घरी सांगावे लागत नाही. एकाला काळी माती मिळाली, दुसऱ्याला खडक. हॉथॉर्नच्या वाट्याला मेलबर्नच्या आग्नेयेकडील मॉर्निंग्टन द्वीपकल्पाचा पट्टा आला, आणि तिकडून ली मॅथ्यूजसारखे खेळाडू निघाले. बेंडिगोचा कसदार मुलूख कार्लटनला मिळाला. पुढल्या दोन दशकांत या दोन क्लबांनी अजिंक्यपदांची जी रास घातली, तिचे सगळे श्रेय हद्दीला देणे अन्यायाचे होईल. परंतु हद्दीला काहीच न देणे हेही खरे नव्हे.

हद्दीची ही भिंत एका तरुणाने पाडली. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लबाने आपले बिऱ्हाड सिडनीला हलवले. सिल्व्हिओ फोस्किनी याला तिकडे जावयाचे नव्हते, सेंट किल्डाकडून खेळावयाचे होते. सोडचिठ्ठी मिळेना. तो न्यायालयात गेला, आणि १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे नियम माणसाच्या व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालणारे ठरवले. १९८६ मध्ये निवडफेरी सुरू झाली, ती या पार्श्वभूमीवर.

हद्द गेली, पण घर कोठे जाणार? मेलबर्नपासून पर्थ सुमारे २,७०० किलोमीटरवर आहे. अठराव्या वर्षी, शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचे नाव पुकारले जाते आणि पुढच्याच आठवड्यात त्याने खंडाच्या दुसऱ्या टोकाला राहावयास जावे अशी अपेक्षा असते. बहुतेक मुले जातात. काहींना घराची ओढ स्वस्थ बसू देत नाही. करार संपत आला की असा खेळाडू सांगतो, मला माझ्या प्रांतात परत जावयाचे आहे. अदलाबदलीच्या न्यायाचा खरा पेच येथे आहे. खेळाडूच्या संमतीवाचून त्याला कोठेही पाठवता येत नाही, हा नियम माणुसकीचा आहे, आणि तो असावयासच हवा. पण त्याने एकाच क्लबाचे नाव घेतले की विकणाऱ्यापुढे एकच गिऱ्हाईक उरते. अशा बाजारात भाव कोण ठरवणार हे उघड आहे.

याचे कडू फळ सेंट किल्डाने चाखले. २००९ मध्ये त्यांच्या ल्यूक बॉलला कॉलिंगवूडकडे जावयाचे होते. मोबदल्यावर एकमत झाले नाही, सौदा फिसकटला. करार संपलेला बॉल सरळ निवडफेरीत उतरला आणि कॉलिंगवूडने त्याला तिसाव्या क्रमांकावर घेतले. सेंट किल्डाच्या हाती काहीच आले नाही. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात हेच दोन क्लब समोरासमोर आले. पहिला सामना ६८-६८ असा बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवलेला सामना कॉलिंगवूडने ५६ गुणांनी जिंकला.

उलट बाजूचे उदाहरण २००७ चे. पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबाचा ख्रिस जड हा मूळचा मेलबर्नचा. त्याने घरी परतण्याची इच्छा दर्शवली. कार्लटनने त्याच्यासाठी निवडफेरीतील तिसरा आणि विसावा क्रमांक दिला, शिवाय जॉश केनेडी नावाचा एक कोवळा आघाडीवीर. त्या दिवशी कार्लटनचे समर्थक हरखून गेले. २०१० मध्ये जडला लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून ब्राऊनलो पदकही मिळाले. परंतु केनेडी हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचाच मुलगा होता. तो आपल्या प्रांतात रुजला, वेस्ट कोस्टसाठी वर्षानुवर्षे गोल करीत राहिला आणि २०१८ च्या अजिंक्य संघात होता. कार्लटनला जडच्या काळात अजिंक्यपद लाभले नाही. सौद्याचा न्याय सौद्याच्या दिवशी कळत नाही, कधीकधी दहा वर्षे लागतात. आणि येथे दोन्ही खेळाडू आपापल्या घरी गेले, म्हणूनच हा सौदा बहुधा टिकला.

प्रत्येक क्लबाला असा केनेडी सापडत नाही. ब्रिस्बेन लायन्सला २०१३ मध्ये एकाच हंगामाअखेर पाच तरुण खेळाडू सोडून गेले, त्यांतील बहुतेक आपापल्या प्रांताकडे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा इलियट यो त्यांतलाच. पुढे तोही वेस्ट कोस्टच्या २०१८ च्या संघात चमकला. नॉर्थ मेलबर्नने २०२१ मध्ये निवडफेरीतला पहिला क्रमांक खर्चून घेतलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एकच हंगाम खेळला आणि ॲडलेडला परतला. पहिला क्रमांक म्हणजे तळाशी राहिल्याचे बक्षीस. ते वर्षभरात हातचे गेले. नॉर्थला बदल्यात चांगले क्रमांक मिळाले, हेही सांगावयास हवे.

२०१२ पासून आठ वर्षे एका क्लबाची सेवा केलेल्या खेळाडूला मुक्तपणे जाण्याची वाट मिळाली. त्याच्या क्लबाची भरपाई मंडळ करते, आणि येथे हिशेबाचा एक चमत्कार आढळतो. भरपाईचा वरचा क्रमांक क्लबाच्या स्वतःच्या क्रमांकामागे लागतो. २०१३ मध्ये हॉथॉर्नचा लान्स फ्रँकलिन, त्या पिढीतील सर्वांत भेदक आघाडीवीर, नऊ वर्षांच्या आणि सुमारे एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनीला गेला. हॉथॉर्न अजिंक्य, म्हणून भरपाई क्रमांक १९. पुढच्या वर्षी मेलबर्नचा बचावपटू जेम्स फ्रॉली हॉथॉर्नला गेला. मेलबर्न तळाजवळ, म्हणून भरपाई क्रमांक ३. फ्रॉली चांगला खेळाडू होता. पण त्याला फ्रँकलिनहून मोलाचा ठरवण्याचे धाडस मेलबर्नच्या कट्टर भक्तानेही केले नसते. सिडनी महाग शहर म्हणून त्या क्लबाला वेतनमर्यादेवर जवळजवळ दहा टक्के जादा भत्ता मिळे. फ्रँकलिन-प्रकरणानंतर तो भत्ता बंद करण्यात आला.

गावानंतर घराणे. बाप ज्या क्लबाकडून खेळला, त्याच क्लबाला मुलावर पहिला हक्क, हा नियम १९४९ पासूनचा. त्याच्याशी एक हृद्य कथा निगडित आहे. मेलबर्न क्लबाकडून १९४० चा अंतिम सामना खेळलेला रॉन बरासी १९४१ मध्ये तोब्रुकच्या रणांगणावर कामी आला. त्याचा मुलगा हद्दीच्या हिशेबाने दुसऱ्या क्लबाचा ठरत होता. मेलबर्नने या नियमाचा आधार घेऊन त्याला आपल्याकडे ठेवले. धाकटा रॉन बरासी पुढे या खेळाचा मानदंड झाला. या नियमाला विरोध करावयाचा तर मन घट्ट करावे लागते, ते यासाठी.

तरीही प्रश्न भावनेचा नाही, किमतीचा आहे. जीलाँगने २००१ मध्ये धाकट्या गॅरी ॲब्लेटला चाळिसाव्या क्रमांकावर आणि २००६ मध्ये टॉम हॉकिन्सला एकेचाळिसाव्या क्रमांकावर घेतले. २००७ ते २०११ या काळात तीन अजिंक्यपदे आली. मग बोलीची पद्धत आली, आणि २०१५ मध्ये तिला गुणांचा तक्ता जोडण्यात आला. त्या तक्त्यात पहिल्या क्रमांकाचे मोल ३,००० गुण, दुसऱ्याचे २,५१७, चौथ्याचे २,०३४. चाळिसाव्याचे जेमतेम ४२९. दुसऱ्या क्लबाने एखाद्याच्या मुलावर ज्या क्रमांकाला बोली लावावी, त्या क्रमांकाचे गुण बापाच्या क्लबाने भरावेत, तेही वीस टक्के सवलतीने. म्हणजे चौथ्या क्रमांकाचा मुलगा १,६२७ गुणांना, आणि तेवढे गुण चाळिसाच्या आसपासचे चार क्रमांक जमवले की भरून निघतात. चार मोडीच्या भांड्यांवर चांदीचे ताट. चाळिसाव्या क्रमांकाचे चार मुलगे मिळून एक निक डेकॉस होत नाही. कॉलिंगवूडने २०२१ मध्ये त्याला चौथ्या क्रमांकाची बोली स्वीकारून घेतले आणि २०२३ मध्ये अजिंक्यपद मिळवले.

आता ब्रिस्बेनकडे परत यावे. पाच खेळाडू गमावून कोलमडलेल्या याच क्लबाला २०२२ मध्ये विल ॲशक्रॉफ्ट मिळाला. बाप मार्कस ब्रिस्बेनच्या २००१, २००२ आणि २००३ च्या तिन्ही अजिंक्य संघांत होता. दुसऱ्या क्रमांकाला बोली लावली होती नॉर्थ मेलबर्नने. दोन वर्षांनी धाकटा भाऊ लेव्हायही त्याच वाटेने आला. २०२४ आणि २०२५ ची अजिंक्यपदे ब्रिस्बेनने जिंकली, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्कृष्ट ठरला विल. त्याच २०२५ पासून सवलत वीसवरून दहा टक्क्यांवर आली. गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी हे क्लब मात्र २०११ आणि २०१२ मध्ये जन्मले. जन्मले तेव्हा त्यांच्यापाशी बापच नव्हते.

त्यांना वेगळा तोडगा मिळाला. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड ही रग्बीची भूमी. १९७८ मध्ये इतिहासकार इयन टर्नर यांनी नकाशावर एक काल्पनिक रेषा आखून अलीकडे फुटबॉल, पलीकडे रग्बी अशी विभागणी केली आणि तिला बरासीचेच नाव दिले. रेषेपलीकडच्या चार क्लबांना स्वतःच्या प्रशिक्षणशाळा चालवण्याची मुभा आहे, व तेथे घडलेल्या मुलांवर त्यांचा अग्रहक्क असतो. मेलबर्नचे क्लब म्हणतात, ही हद्दच मागील दाराने परत आली. उत्तरेकडचे म्हणतात, रग्बीच्या अंगणातून मुलगा उचलून त्याला आठ-दहा वर्षे शिकवावयाचे आणि मग तो तुमच्या स्वाधीन करावयाचा, तर शिकवील कोण? या वादात उत्तरेची बाजू अधिक जड वाटते, कारण तेथे मुलगा आयता मिळत नाही, घडवावा लागतो. आणि घरच्या गावी खेळणारा मुलगा परत जावयाचे म्हणत नाही. पण २०१४ मध्ये सिडनीने आयझॅक हीनीसारखा अग्रगण्य मुलगा अठराव्या क्रमांकावर घेतला, तेव्हा हक्क आणि किंमत या दोन गोष्टींत गल्लत झाली होतीच. वर सांगितलेला गुणांचा तक्ता लगेच पुढच्या वर्षी आला.

एकोणिसावा क्लब टास्मानियाचा. त्याने २०२८ मध्ये लीगमध्ये उतरावे असे ठरले आहे. पीटर हडसन, रॉयस हार्ट, डॅरेल बाल्डॉक, इयन स्ट्युअर्ट ही सारी या बेटाची माणसे, पण त्यांचा पराक्रम मेलबर्नच्या क्लबांच्या खात्यावर जमा आहे. नव्या क्लबाला सुरुवातीस निवडीचे कोणते क्रमांक द्यावेत, बेटावरच्या मुलांवर त्याचा हक्क किती असावा, आणि मुख्य भूमीवरून होबार्टला पाठवलेला अठरा वर्षांचा मुलगा करार संपताच घरी निघाला तर काय, यावर अठरा क्लबांची घासाघीस आधीच सुरू झाली आहे.