विद्यापीठांतील शाखा व त्यांची निवड

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : "आतां पुढें काय ?" बहुतेक घरांत त्याचीं उत्तरें दोनच ठरलेलीं असतात, एक डॉक्टर व दुसरें एंजिनियर. राहिलेल्या साऱ्या विद्या कमी गुण मिळविणारांसाठीं आहेत, अशी समजूत आपल्या समाजांत खोल रुजली आहे. ही समजूत चुकीची असून तिच्यापायीं कित्येक मुलांचीं उमेदीचीं वर्षें फुकट जातात, असें आम्हांस वाटतें. विद्यापीठांतील शाखा म्हणजे उच्चनीच पायऱ्या नव्हेत. निरनिराळ्या प्रश्नांचा विचार करण्याच्या त्या निरनिराळ्या रीती होत. विज्ञान, सामाजिक शास्त्रें व डिझाइन ह्या तीन शाखांपुरती ही गोष्ट येथें स्पष्ट करूं.

एक उदाहरण घेऊं. उन्हाळ्यांत एखाद्या गांवची विहीर आटते. विज्ञानाचा विद्यार्थी विचारील, "काळ्या पाषाणाच्या कोणत्या थरांत व भेगांत पाणी मुरतें, आणि किती टिकतें ?" सामाजिक शास्त्रांचा विद्यार्थी विचारील, "उरलेलें पाणी कोणास मिळतें, कोणास मिळत नाहीं, आणि तें आणण्यांत कोणाचा दिवस जातो ?" डिझाइनचा विद्यार्थी विचारील, "दूरवरून डोक्यावर आणावयाचा हंडा मानेस कमी जाचक कसा होईल ?" तिन्ही प्रश्न खरे आहेत, व एकाचें उत्तर सांपडलें म्हणून दुसरा सुटत नाहीं.

विज्ञान. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, गणित, भूगर्भशास्त्र इत्यादि विषय ह्या शाखेंत येतात. ठराविक प्रयोग घोटून वहीत उतरविणें म्हणजे विज्ञान नव्हे. निसर्गास प्रश्न विचारून त्याचें उत्तर मोजमापानें पडताळून घेणें, हें त्याचें मर्म होय. पुण्यास २००६ सालीं भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, स्थापन झाली. बारावीनंतरच्या तेथील पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत प्रथम मूळ शास्त्रांचा पाया घालून मग विशेष विषयाकडे वळूं देतात. पुणें जिल्ह्यांतच, नारायणगांवाजवळ खोडद येथें, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ती चालविण्यास आकाशाच्या ज्ञानाबरोबर गणित, विद्युत्-विद्या व संगणक ह्यांचीहि जोड लागते.

सामाजिक शास्त्रें. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र वगैरे विषय येथें शिकवितात. ह्या शाखेंत केवळ पाठांतर असतें व गणिताचें काम नसतें, हा मोठाच गैरसमज आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं निघाली, डॉ. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. त्याच संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं भारतांतील दारिद्र्यावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. लोकांच्या खर्चाच्या आंकड्यांवरून, किती जणांस पोटभर अन्न मिळत नाहीं, ह्याचा हिशेब त्यांनीं मांडला. दया सर्वांस येते. परंतु उपाय योजावयाचा तर असा हिशेब कोणी तरी करावाच लागतो. कलकत्त्यास १९३१ सालीं भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ह्यावरून शाखाशाखांमधील भिंती आपण समजतों तितक्या उंच नाहींत, हें दिसून येईल.

डिझाइन. सुबक चित्रें काढणें म्हणजे डिझाइन, असें पुष्कळांस वाटतें. १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारास एक अहवाल दिला. त्यांत आपल्या घरोघरच्या साध्या लोट्याची त्यांनीं मनापासून प्रशंसा केली आहे. तो हातांत कसा बसतो, भरलेला व रिकामा असतां त्याचा तोल कसा राहतो, त्यांतून धार कशी पडते, अशा प्रश्नांचा विचार म्हणजेच डिझाइन. पुढें १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, व १९६९ सालीं मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें ह्या विषयाचें केंद्र सुरू झालें. २०१० सालीं सरकारनें स्वीकारलेलें रुपयाचें चिन्ह ह्याच केंद्रांत संशोधन करणाऱ्या उदयकुमार यांनीं योजिलें. देवनागरी 'र' व रोमन 'आर' ह्यांचा मेळ त्यांत घातलेला आहे.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. आयसरसारख्या संस्थांत जावयाचें तर अकरावी-बारावीस विज्ञान घेतलेलें असावें लागतें. उलट अहमदाबादची संस्था व मुंबईची आय. आय. टी. यांच्या डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीस कोणत्याहि शाखेचा विद्यार्थी बसूं शकतो. मात्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. गणित सोडतांना विशेष विचार करावा. कारण त्याबरोबर विज्ञानाच्या कित्येक वाटा बंद होतात आणि अर्थशास्त्राची वाटहि अवघड होते. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाचें माहितीपत्रक स्वतः वाचावें. त्यांत शाखेचें नांव न पाहतां चारहि वर्षांत काय शिकवितात, तें पाहावें.

पालकांस पोटापाण्याची काळजी वाटते, व ती योग्यच आहे. परंतु मन न लागतां कशीबशी मिळविलेली पदवी पोटासहि फारशी उपयोगी पडत नाहीं. तेव्हां मुलाचे गुण विचारण्यापूर्वीं, "तुला कोणता प्रश्न स्वस्थ बसूं देत नाहीं ?" असें त्यास एकदां विचारावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीहि आटलेल्या विहिरीच्या त्या तीन प्रश्नांपैकीं आपला कोणता, हें मनाशीं ठरवून मगच प्रवेशाचा अर्ज भरावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.