रेकॉर्ड किशोरीताईंची, बातम्या आकाशवाणीच्या

रेकॉर्डवरच्या दोन रागांमधल्या शांत जागेत बातम्या ऐकू येऊ लागल्या की बहुतेक जण पहिला संशय अर्थिंगवर घेतात. घूं असा आवाज येत असेल तर तो संशय रास्त आहे; ती घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर असते आणि टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला नीट आवळली की अनेकदा थांबते. रेडिओचं दुखणं वेगळं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, म्हणून फोनो प्रीॲम्प ते शंभरेक पट वाढवतो. प्रक्षेपण केंद्र जवळ असेल तर इतक्या नाजूक वाटेवरची वायरच एरियल बनते. पण आकाशवाणी पुण्याची लहर ७९२ किलोहर्ट्झची, आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशीच थांबतो. मग बोलणं ऐकू येतं कसं? प्रीॲम्पचा पहिलाच ट्रान्झिस्टर त्या लहरीतून बोलणं वेगळं काढतो, रेडिओत डायोड करतो तसंच. (गंज चढलेला प्लगही कधी कधी हे उपद्व्याप करतो, म्हणून आधी तो पुसावा.) एकदा बोलणं सुटं झालं की ते गाण्यातच मिसळतं आणि पुढचं कुठलंही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. उपाय करायचा तो या ट्रान्झिस्टरच्या अलीकडेच.

त्याआधी रेडिओ कुठून शिरतो ते पाहावं. आवाजाचं बटण कमी करूनही निवेदक तेवढ्याच जोरात बोलत असेल, तर तो बटणाच्या पुढे, बहुधा स्पीकरच्या वायरींतून आत आला आहे. बटणासरशी तोही कमी होत असेल, तर फोनो इनपुटला शॉर्टिंग प्लग लावावेत. तेवढ्याने तो गप्प झाला तर वाट टर्नटेबलच्या वायरीची. त्या वाटेवर फेराइटची रिंग बसवावी, पण नुसती चिमटवून नव्हे. मध्यम लहरींना अडवायचं तर वायरीचे पाच-सहा वेढे तिच्यातून घ्यावे लागतात.

महागडी शील्डेड केबल घेतली की झालं, असं दुकानदार सांगतात. शील्डचा उपयोग आहेच, पण कार्ट्रिजमागच्या चार उघड्या तारा ती झाकत नाही आणि स्पीकरच्या वायरींशी तिचा संबंधच नाही. इनपुटला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला तर वरचे सूर बिघडतील, ही हरकत मात्र खरी आहे. केबलची स्वतःचीही कपॅसिटन्स असते. दोन्हींची बेरीज कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेत बसत असेल तरच तो लावावा. थ्री-पिनची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला तर साफ धुडकावावा; रेडिओ त्याने जाईलच असं नाही, शॉकचा धोका मात्र नक्की वाढतो. एवढं करूनही बातम्या चालूच राहिल्या तर दोष प्रीॲम्पच्या घडणीत आहे. अशा वेळी प्लास्टिकच्या डबीतला बाजूला ठेवून धातूच्या पेटीतला, इनपुटपाशीच रेडिओ अडवणारा प्रीॲम्प घ्यावा. केबलपेक्षा पैसे तिथे सत्कारणी लागतात.