सारीपाट सोपा की मोर? नवलगुंदच्या जमखान्याची वीण

सतरंजी हा शब्द शतरंजवरून आला, म्हणजे मूळ कल्पना चौकड्यांच्या पटाची. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदला बायका उभ्या मागावर जमखाने विणतात, त्यात हा पट सारीपाट होऊन येतो आणि शेजारी मोरही असतो. बघणाऱ्याला वाटते, पट सोपा, मोर अवघड. विणीच्या हिशेबात मात्र उलटे आहे.

अशा विणीत बाणा पंज्याने इतका ठोकतात की ताणा पूर्ण झाकला जातो. रंग दिसतो तो फक्त बाण्याचा. प्रत्येक रंगाच्या ठोकळ्याला स्वतःचा वेगळा धागा. तो ठोकळ्याच्या कडेपर्यंत जातो आणि मागे वळतो. आता लाल आणि निळा शेजारच्या दोन ताण्यांवरून मागे वळले, तर मध्ये उभी फट राहते. कड बोटभर उंच असली तर त्यात पायाचा अंगठा अडकतो! म्हणून दोन्ही धागे एकाच ताण्यावरून वळवायचे (तिथे जाडी वाढून उंचवटा येतो), किंवा वळताना एकमेकांत अडकवायचे. दुसरा प्रकार सपाट येतो, पण वेळ खातो. सारीपाटाच्या सरळ उभ्या कडा म्हणजे नुसते असले जोड.

मोराची मान तिरकी. कड दर दोन फेऱ्यांना एक ताणा सरकते, त्यामुळे फट वाढायच्या आत बंद होते. जोड लागतच नाही. मोर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळे. त्याला निव्वळ ‘भौमितिक शैली’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

मी स्वतः शिकायला बसलो तेव्हा इंजिनियरच्या सवयीने आलेखाच्या कागदावर मोर काढला. एक चौकोन म्हणजे एक ताणा, एक फेरा. इंचात ताणे १० आणि फेरे २०, हे लक्षातच घेतले नाही. मोर निम्म्या उंचीचा, बदकासारखा झाला. पंजा जोरात पडला की फेरे वाढतात आणि मोर आणखी बसतो, म्हणजे हाताचा जोरही हिशेबात धरायचा.

नवलगुंदला हा हिशेब कागदावर नसतो, विणणाऱ्या बाईच्या डोक्यात असतो. जमखान्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण विणणारी घरे आता मोजकीच. तुमच्या घरी जुना जमखाना असेल तर टाकण्याआधी एवढे करा: पट्टी ठेवून इंचातले ताणे आणि फेरे मोजा, उभ्या कडेवर फट आहे, उंचवटा आहे की सपाट जोड ते बघा, आणि मोर किती ताण्यांचा ते लिहून आमच्याकडे पाठवा.