पिशवीची भीती आणि हातातून जाणारा वेळ

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे निदान घरातच होते: मूळव्याध. मग मलम, चूर्ण, पथ्य आणि ‘मूळव्याध-भगंदर’च्या पाटीखालचा दवाखाना, यांत महिने जातात. या चालढकलीमागे लाज असते, तशी एक समजूतही असते: तिथला कॅन्सर निघालाच तर माणूस वाचत नाही आणि वाचला तर जन्मभर पोटावर शौचाची पिशवी. आजच्या उपचारांशी ही समजूत जुळत नाही. मात्र तिच्या धास्तीने होणारा उशीर तिला खरी करून दाखवतो.

मुळात ‘तिथला कॅन्सर’ एकच नाही. गुदनलिका म्हणजे आतड्याचे शेवटचे तीन-चार सेंटीमीटर. तिचा कॅन्सर बहुधा त्वचेसारख्या स्क्वॅमस पेशींचा असतो आणि दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत त्यामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरलाही हाच विषाणू कारणीभूत ठरतो. पूर्वी यावर गुदद्वार काढून टाकणे हाच मुख्य उपाय होता. 1974 मध्ये डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन नायग्रो यांनी ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन एकत्र दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले; नंतर काढलेल्या भागात कॅन्सरच सापडला नव्हता. आज केमो-रेडिएशन हाच पहिला उपचार आहे आणि मोठे ऑपरेशन उरलेल्या किंवा उलटलेल्या आजारासाठी राखून ठेवतात. गाठ कापून काढलीच नाही तर रोग जाईल कसा, ही शंका रास्त आहे. ब्रिटनमधील अ‍ॅक्ट-2 चाचणीत तिचे उत्तर मिळते: उपचार सुरू झाल्यापासून 11 आठवड्यांनी गाठ शिल्लक दिसलेल्या बऱ्याच रुग्णांत 26 व्या आठवड्यापर्यंत ती नाहीशी झाली होती.

गुदनलिकेच्या वरच्या गुदाशयाचा कॅन्सर ग्रंथीपेशींचा असतो आणि बहुतेकांना ऑपरेशन लागते. पिशवीची भीती इथूनच आली, कारण 1908 मध्ये अर्नेस्ट माइल्स यांनी मांडलेल्या ऑपरेशनात गुदद्वार कायमचे जात असे. पुढे बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत रुजवली. त्यामुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. आता अनेकांची पिशवी तात्पुरती असते. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी तर केमो-रेडिएशनने गाठ पूर्ण विरघळलेल्या रुग्णांना ऑपरेशनाविना देखरेखीखाली ठेवण्याचा मार्ग दाखवला. पण हा मार्ग सोपा नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 880 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत दोन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शात गाठ पुन्हा वाढली, म्हणून वेळच्या वेळी दुर्बीण आणि एमआरआय चुकवून चालत नाही. गाठ गुदद्वाराच्या स्नायूत शिरली असेल, तर काहींना आजही कायमची पिशवी लागते. ती लावून माणसे नोकरी करतात, प्रवास करतात. ती जगण्याची किंमत आहे, जगण्याचा शेवट नव्हे.

‘रक्त बहुतेकदा मूळव्याधीचेच असते, मग प्रत्येकाने कशाला घाबरायचे?’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. पण मूळव्याध असणे हा कॅन्सर नसल्याचा पुरावा होत नाही, आणि डॉक्टरांनी बोट घालून तपासायला मिनिटभर पुरते. शौचाच्या सवयीत बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, घटते वजन किंवा पंडुरोग सोबत असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. वय कमी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये आणि बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीतीही बाळगू नये. अमेरिकेतील आकडेवारीनुसार गुदाशयापुरत्या मर्यादित कॅन्सरचे सुमारे 90 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण 20 टक्क्यांच्याही खाली येते. पिशवी टाळायची असेल, तरी रस्ता लवकर तपासणीचाच आहे.